कोंबडीच्या पायातलं कडं

कपाशीची वेचणी संपून पऱ्हाट्या उपटल्या आणि बांधावर रचल्या, की आमच्या गावात कोंबड्या हरवायला लागतात. खरं तर त्या हरवत नाहीत. पऱ्हाट्यांच्या ढिगात शिरून गुपचूप अंडी घालतात आणि तिथेच खुडूक बसतात, म्हणजे अंडी उबवत बसतात. घरचे समजतात, मुंगसाने नेली. एकवीस दिवसांनी तीच कोंबडी नऊ पिलं घेऊन अंगणात उभी राहते आणि दोन घरांतून एकदमच आवाज येतो, "हाई तं मनी शे!" म्हणजे, ही तर माझी आहे!

अशा भांडणात मीही पडले आहे. अंग तांबूस, शेपटी काळी, तुरा एका बाजूला कललेला, असं मी सांगायचं आणि समोरच्या वहिनींनीही अगदी तेच सांगायचं. दोघीही खऱ्याच असतात. एका गावातल्या गावठी कोंबड्या वर्षानुवर्षं एकमेकींत मिसळलेल्या असतात आणि एकाच कोंबड्याची लेकरं चार घरांत वाढत असतात. सारख्या दिसणाऱ्या दोघी निघाल्या तर त्यात नवल काय? पण त्या दिवशी नऊ पिलं आणि त्यांची आई कुणाच्या खुराड्यात जाणार, हा प्रश्न लहान नव्हता.

चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं घर आहे. अंगणात चाळीसेक पक्षी असतात, काही गावठी, काही वनराजा जातीचे, थोडे कडकनाथ. त्या भांडणानंतर मी सगळ्यांच्या पायात कडी घातली. बाजारात त्यांना लेग बँड, लेग रिंग किंवा नुसतं टॅग म्हणतात. मला कडं हाच शब्द आवडतो, कारण काम तेच आहे. फक्त हे कडं मिरवायला नसतं, ओळखायला असतं. वस्तू एवढीशी, पण ती नीट वापरायला बऱ्याच गोष्टी माहीत असाव्या लागतात. त्या माहीत नव्हत्या तेव्हा माझ्या हातून एका तलंगेला, म्हणजे तरुण कोंबडीला, इजा झाली. ते पुढे सांगतेच.

आधी जुन्या खुणा. कुणी शेपटीच्या पिसांना रंग लावतं, कुणी पायाला चिंधी बांधतं, कुणी नखाचं टोक उडवतं, आणि काही जण पिलाच्या बोटाचं पेरच कापतात. पिसांचा रंग टिकत नाही, कारण मोठी कोंबडी साधारण वर्षातून एकदा पिसं टाकते आणि नवी पिसं कोरी येतात. चिंधी किंवा दोरा ओला होतो, पिळला जातो, बोटात अडकतो आणि रक्त अडवतो. नख पुन्हा वाढतं. बोट मात्र वाढत नाही, म्हणून ती खूण पक्की, पण पिलाला वेदना देऊन, रक्त काढून आणि जखमेला वाट करून देऊन मिळालेली. ओळखीसाठी अवयव कापायची काहीच गरज नाही, हे माझं ठाम मत आहे.

मग पायच का निवडायचा? कोंबडीचा पाय जरा निरखून बघा. आपण जिला तिचा गुडघा समजतो, ती खरं तर टाच आहे. खरा गुडघा वर पिसांत लपलेला असतो आणि कोंबडी जन्मभर बोटांवर चालते. त्या टाचेच्या सांध्यापासून पंजापर्यंतचा खवल्यांचा भाग म्हणजे पायाची नळी. तिच्यावर पिसं नसतात, मांस जवळजवळ नसतं, आणि तिची घडण डमरूसारखी असते, म्हणजे वर सांधा जाड, खाली पंजा रुंद, मध्ये बारीक. त्या बारीक जागी घातलेलं कडं वरही सरकून जात नाही आणि खालीही गळत नाही. गावठी कोंबडीची नळी उघडी असल्यामुळे दुरूनही ते दिसतं. रानपक्ष्यांचा अभ्यास करणारेही हीच जागा वापरतात. डेन्मार्कमधले शिक्षक हान्स ख्रिश्चन मॉर्टेनसेन यांनी १८९९ मध्ये साळुंकीच्या कुळातल्या स्टारलिंग पक्ष्यांच्या पायांत नंबर कोरलेली ॲल्युमिनियमची कडी घातली आणि तिथून पक्ष्यांच्या प्रवासाचा पद्धतशीर मागोवा सुरू झाला. आपली कोंबडी देश ओलांडत नाही, फार तर शेजारचं कुंपण ओलांडते. पण तत्त्व तेच आहे.

आता प्रकार बघू. सगळ्यात सोपं ते प्लॅस्टिकचं वेटोळ्याचं कडं. किल्ल्या अडकवायच्या रिंगसारखे त्याला दीड-दोन वेढे असतात. एक टोक उकलून नळीवर टेकवायचं आणि उरलेलं फिरवत न्यायचं. अवजार लागत नाही आणि काढायलाही तेवढंच सोपं. रंग भरपूर मिळतात, पण त्यावर सहसा नंबर नसतो, आणि खानदेशातल्या उन्हाची त्याला सवय नसते. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो तेव्हा पातळ प्लॅस्टिक फिकं पडतं, कडक होतं आणि पावसाळ्यापर्यंत तडकतं. लाल रंग उडून गुलाबी झाला की तो नारिंगीशी घोळ घालतो. म्हणून मृगाआधी मी सगळी वेटोळी एकदा बदलते.

दुसरा प्रकार चपट्या पट्टीचा, नंबर छापलेला, खाच आणि खुंटीने बंद होणारा. नंबर लांबून वाचता येतो आणि पट्टी रुंद असल्याने रुतण्याची भीती कमी. तिसरं कडं ॲल्युमिनियमचं. ते पट्टीसारखं येतं, नळीभोवती वळवून दोन्ही टोकं जुळवायची असतात. टिकतं उत्तम, नंबर कोरलेला असतो, पण टोकं नीट जुळली नाहीत तर ती धारदार राहतात, गवतात अडकतात, कातडी खरवडतात. बसवल्यावर मी त्याच्या कडेवरून स्वतःचं बोट फिरवून बघते.

चौथा प्रकार सगळ्यांच्या घरात असतो, विजेच्या दुकानात तारा आवळायला मिळणारी प्लॅस्टिकची पट्टी, म्हणजे केबल टाय. स्वस्त आणि हाताशी असलेली. पण ती मुळात आवळण्यासाठीच बनवलेली आहे. तिचा दात एकाच दिशेने सरकतो, घट्ट होते पण सैल होत नाही. घालून विसरायची असेल तर तिला हातही लावू नका. वापरलीच तर पुरेशी सैल ठेवा, पुढे आलेलं शेपूट कापा आणि कापलेलं टोक टोचत नाही ना ते बघा.

पिलाच्या पायात घालायचं अखंड कडंही असतं, त्याला जोड नसतो. पुढची तीन बोटं एकत्र धरून कड्यातून पार करायची, मागचं बोट नळीला चिकटवून त्याच्यावरून कडं वर न्यायचं आणि मग ते बोट हळूच मोकळं करायचं. पंजा मोठा झाला की ते कापल्याशिवाय निघत नाही. म्हणूनच प्रदर्शनातले पक्षी आणि शर्यतीची कबुतरं पाळणारे त्यावर विश्वास ठेवतात, वर्ष आणि नंबर कोरलेलं असं कडं नंतर कुणी दुसऱ्या पक्ष्याच्या पायात घालू शकत नाही. पण त्यात वेळ साधावी लागते. लवकर घातलं तर गळून पडतं, उशीर झाला तर पंजातून जात नाही.

ज्या केंद्रांत जातींची पैदास होते तिथे एक दिवसाच्या पिलाच्या पंखाच्या पुढच्या पातळ पडद्यात धातूचा बिल्ला अडकवतात, म्हणजे पाय वाढत राहिला तरी बिल्ला बदलावा लागत नाही. बोटांमधल्या पडद्याला भोक पाडायचीही एक जुनी रीत आहे. दोन्ही पायांचे मिळून चार पडदे, प्रत्येकात भोक आहे किंवा नाही, म्हणजे सोळा वेगवेगळ्या खुणा. हिशेब सुंदर आहे, पण भोक लहान पडलं तर भरून येतं, आणि पिलाला दुखतं ते वेगळंच. चिप बसवलेली कडीही निघाली आहेत. कोंबडी अंडी घालायच्या पेटीत शिरली की यंत्र नोंद घेतं. ते संशोधनाचं काम, अंगणातलं नाही.

मापाशी मात्र थांबायला हवं, कारण सगळी हानी तिथेच होते.

कागदाची बोटभर रुंद पट्टी घ्या. नळीच्या मधोमध गुंडाळा आणि जुळते तिथे खूण करा. पट्टी सरळ करून घेर मोजा आणि त्याला ३.१४ ने भागा. समजा घेर ४४ मिलिमीटर भरला, तर व्यास १४ मिलिमीटर येतो. त्यात दोन मिलिमीटर मोकळीक धरली की १६ मिलिमीटरचं कडं लागेल. नळी अगदी गोल नसते, पुढून-मागून थोडी जास्त जाड असते, म्हणून ही मोकळीक सोडून चालत नाही. मध्यम अंगाच्या कोंबडीला बहुधा १६ मिलिमीटर पुरतं, भारी अंगाच्या कोंबड्याला १८ किंवा २० लागतं. काही ठिकाणी माप मिलिमीटरमध्ये देत नाहीत, नुसतं ९ नंबर, ११ नंबर असं लिहितात. तो आकडा इंचाच्या सोळाव्या भागांचा असतो. ९ नंबर म्हणजे साधारण १४ मिलिमीटर, ११ नंबर म्हणजे साडेसतरा. हे कळलं नाही तर ९ ला नऊ मिलिमीटर समजून भलतीच वस्तू घरी येते.

बसवल्यावर तीन गोष्टी हाताने तपासायच्या. कडं बोटाने गोल फिरलं पाहिजे. नळीवर थोडं वरखाली सरकलं पाहिजे. आणि वरच्या सांध्यावरून किंवा खाली पंजावरून निसटता कामा नये. अति सैल कडंही वाईट. ते सांध्यावर चढून बसतं, किंवा दुसऱ्या पायाचं नख त्यात अडकतं.

आता त्या तलंगेविषयी. सुरुवातीच्या वर्षी दीड महिन्याच्या पिलांना मी केबल टाय बांधल्या. तेव्हा माप बरोबर होतं, करंगळीचं टोक आत जात होतं. पुढे कपाशीच्या निंदणीची गडबड आली आणि मी विसरले. दीड महिन्याचं पिलू पुढच्या दोन महिन्यांत कुठल्या कुठे जातं. ते उंचच होतं असं नाही, नळीही जाड होते. एक तलंग लंगडायला लागली तेव्हा वाटलं काटा भरला असेल. धरून बघितली तर पट्टी दिसेचना. ती कातडीत गेली होती आणि वर दोन्ही बाजूंनी सूज आली होती. नखं कापायच्या बारीक कात्रीने पट्टी कापली, कोमट मिठाच्या पाण्याने जखम धुतली, पशुवैद्यकीय दवाखान्यातून मलम आणलं आणि तिला दोन आठवडे वेगळ्या डालग्याखाली ठेवलं. ती वाचली, पण त्या पायाचं एक बोट पुन्हा पूर्ण वळलं नाही. चूक माझी होती, आणि पट्टी तिच्या पायात होती. त्यानंतर वाढत्या पिलांच्या पायांना मी दर पंधरा दिवसांनी हात लावते. कॅलेंडरवर पौर्णिमा आणि अमावस्या हेच माझे दिवस, कारण ते वेगळे लक्षात ठेवावे लागत नाहीत. पाच-सहा महिन्यांची होऊन तलंग अंड्यावर आली की नळीची वाढ जवळजवळ थांबते. कायमचं नंबराचं कडं मी तेव्हाच घालते, तोपर्यंत नुसती रंगीत वेटोळी.

कोंबड्याच्या बाबतीत आणखी एक लक्षात ठेवायचं. त्याच्या नळीवर आतल्या बाजूला काटा येतो, तो वयाबरोबर लांब आणि जाड होतो. कडं काट्याच्या खाली राहिलं तर पुढे तिथेच अडकतं. म्हणून ते काट्याच्या वर, सांध्याच्या खाली ठेवायचं.

कडं तपासताना खवलेही बघा. खवले उचललेले, पांढरट, चुन्यासारखे खडबडीत दिसले तर ती पायाची खरूज आहे. डोळ्यांना न दिसणारा एक किडा खवल्यांखाली घर करतो. नळी जाड होते आणि कालपर्यंत मापाचं असलेलं कडं आज घट्ट होतं. अशा कोंबडीचं कडं आधी काढायचं, मग उपचार, आणि पाय बरा होईपर्यंत परत घालायचं नाही.

रंगांचं गणित मला मनापासून आवडतं. सहा रंग आणले आणि दोन्ही पायांत एकेक कडं घातलं, तर सहा गुणिले सहा, छत्तीस कोंबड्या नंबराशिवाय वेगळ्या ओळखता येतात. डावा लाल उजवा पिवळा, आणि डावा पिवळा उजवा लाल, या दोन वेगळ्या कोंबड्या. मात्र डावा म्हणजे कोंबडीचा डावा, बघणाऱ्याचा नाही, हे घरातल्या सगळ्यांनी एकदा ठरवून घ्यावं. आमच्या घरात यावरून आठवडाभर चुकीच्या नोंदी झाल्या. रंग निवडताना संध्याकाळचा उजेड डोळ्यांपुढे ठेवा, तेव्हा निळा आणि हिरवा सारखेच दिसतात. लाल-हिरव्यातला फरक न कळणारे लोकही घरोघरी असतात, विशेषतः पुरुषांत, आणि त्यांना स्वतःलाही ते माहीत नसतं. कडकनाथाचे पाय काळे. त्यावर निळं किंवा गडद हिरवं कडं घालणं म्हणजे न घालण्यासारखंच, तिथे पांढरं किंवा पिवळं हवं. हा पक्षी मूळचा धडगाव-अक्कलकुव्यापलीकडे नर्मदा ओलांडली की लागणाऱ्या अलीराजपूर-झाबुआ भागातला. २०१८ मध्ये झाबुआच्या कडकनाथाला भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हापासून काळ्या रंगाच्या कुठल्याही संकरित पक्ष्याला कडकनाथ म्हणून विकणारे वाढले. अशा वेळी आई-बापाची नोंद असलेलं कडं विकणाऱ्याच्या खरेपणाला आधार देतं.

कोंबड्यांना रंग आपल्यापेक्षाही चांगले दिसतात. त्यांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी आपल्यापेक्षा एका जातीने जास्त असतात. त्यामुळे नवं कडं घातलं की बाकीच्या येऊन ते टोचून बघतात. दोन दिवसांत सवय होते. एखादीला सारखा त्रास होत असेल तर तिचा रंग बदलून बघा.

मी डाव्या पायाचा रंग वर्षासाठी राखून ठेवला आहे. ही कल्पना मधमाश्या पाळणाऱ्यांची. ते राणीमाशीच्या पाठीवर रंगाचा ठिपका देतात आणि पाच रंग जगभर ठरलेले आहेत. वर्षाचा शेवटचा आकडा १ किंवा ६ असेल तर पांढरा, २ किंवा ७ ला पिवळा, ३ किंवा ८ ला लाल, ४ किंवा ९ ला हिरवा, ५ किंवा ० ला निळा. राणीमाशी सहसा पाच वर्षांपेक्षा जास्त जगत नाही, म्हणून पाच रंग पुरतात. आपणही सहसा कोंबडी पाच वर्षं ठेवत नाही. पाय बघितला की वय कळतं. एरवी दोन वर्षांची आणि चार वर्षांची कोंबडी लांबून सांगा बरं.

पण नुसतं कडं मुकं असतं. त्याला बोलकं करते ती वही. दोनशे पानी साधी वही, प्रत्येक कोंबडीला एक पान. वर नंबर आणि रंग, मग ती कुठून आली, कुठल्या रवणातली, म्हणजे एकदम उबवलेल्या अंड्यांच्या कुठल्या खेपेतली, आई कोण, अंड्यावर कधी आली, खुडूक कधी बसली, किती अंड्यांतून किती पिलं निघाली, लस कधी दिली, आजारी कधी पडली. पहिले दोन महिने कंटाळा येतो. मग एक दिवस पान उलटता उलटता दिसतं, की सात नंबरने तीन वेळा रवण बसवलं आणि तिन्ही वेळा बारापैकी दहा-अकरा पिलं काढली, आणि बावीस नंबर प्रत्येक वेळी आठव्या-दहाव्या दिवशी अंडी सोडून उठली. वहीशिवाय मी बावीस नंबरलाच बसवत राहिले असते, कारण ती अंगाने मोठी आहे, तिच्या पंखाखाली जास्त अंडी मावतात.

कडी नव्हती तेव्हा याच गोंधळात मी एक चांगली कोंबडी बाजारात विकली होती. अंडी कमी झाली होती, संशय एका बारीकशा, पिसं विस्कटलेल्या कोंबडीवर होता. ती गेली आणि अंडी आणखी कमी झाली. रोज घालणारी तीच होती. चांगली अंडी देणारी कोंबडी अनेकदा अशीच विस्कटलेली दिसते, तिचा जीव अंड्यांत जातो. आणि तुकतुकीत, भरल्या अंगाची एखादी कोंबडी महिनोन्‌महिने ज्वारी खाऊन नुसती मिरवत असते.

कोण अंडी घालते हे ठरवायचं असेल तर रात्री कोंबडी हातात घ्या. शेपटीखाली दोन टोकदार हाडं लागतात. त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटं बसली आणि अंडी येण्याची जागा रुंद, ओलसर वाटली, तर ती घालते. एकच बोट मावलं आणि जागा आकसलेली, कोरडी असेल तर सध्या घालत नाही. पिवळ्या पायांच्या जातींत आणखी एक खूण मिळते. अंडी सुरू झाली की अंगातला पिवळा रंग उतरत जातो, आधी मागच्या जागेचा, मग डोळ्याभोवतीचा, मग चोचीचा, शेवटी पायांचा. हे सगळं कड्याच्या नंबरासमोर लिहिलं तरच उपयोगाचं, नाहीतर सकाळी दार उघडल्यावर रात्रीची कोंबडी कोणती ते कुणाला आठवणार? आणखी बारकाईने बघायचं असेल तर अंडी घालायच्या पेटीला असं दार लावतात, की कोंबडी आत गेल्यावर ते मागे पडतं. आपण जाऊन तिला सोडायचं आणि नंबर लिहायचा. एक अंडं तयार व्हायला चोवीस तासांहून थोडा जास्तच वेळ लागतो, म्हणून तीच कोंबडी दुसऱ्या दिवशी जरा उशिरा पेटीत येते. असं दार लावायचं तर दिवसभर घरी कुणीतरी हवं आणि उन्हाळ्यात तासाभराच्या आत सोडायला हवं, नाहीतर पेटीत गुदमरेल.

माझ्या मते कड्याचा सगळ्यात मोठा फायदा अंड्यांपेक्षाही वंश सांभाळण्यात आहे. अंगणात एकच कोंबडा वर्षानुवर्षं राहिला की तो स्वतःच्याच लेकींवर जातो. दोन-तीन पिढ्यांत अंडी कमी फळतात, पिलं अशक्त निघतात, आणि आपण दोष देतो उन्हाला. आम्ही तीन घरांनी मिळून यावर उपाय केला. एक घर लाल, एक पिवळं, एक निळं. पिलाच्या पायात आईच्या घराचा रंग घालायचा. मोठं झाल्यावर तलंगा आईच्याच घरी राहतात. नर मात्र पुढच्या घरी जातात, लालचे पिवळ्याकडे, पिवळ्याचे निळ्याकडे, निळ्याचे लालकडे. आपल्याकडे लेकी सासरी जातात, इथे मुलगे जातात, एवढाच फरक. नियम एकच, कोंबडीच्या आणि कोंबड्याच्या पायात घराचा एकच रंग दिसला तर ती जोडी लावायची नाही. शाळेतली पोरंही तो पाळू शकतात. फक्त कोंबडा बदलल्यावर लगेच रवण बसवू नका. जुन्या कोंबड्याचं बीज कोंबडीच्या पोटात दोन-तीन आठवडे टिकतं, त्या काळातली पिलं जुन्याचीच असू शकतात. आम्ही तीन आठवडे थांबतो आणि ती अंडी खातो.

लसीकरणाचं दुखणं अंगणात कोंबड्या पाळणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. मोठ्या फार्मवर सगळी पिलं एका दिवसाची, एकत्र आलेली. आपल्याकडे एक रवण होळीला निघतं, दुसरं अक्षय्य तृतीयेला, तिसरं पोळ्याला. मानमोडी म्हणजे राणीखेत रोग, आणि त्याची लस पहिल्या आठवड्यात डोळ्यात थेंब टाकून, पुन्हा साधारण चौथ्या आठवड्यात, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास इंजेक्शनने द्यायची असते. तीन रवणांची पिलं एकत्र फिरायला लागली की कुणाला काय दिलं ते कळेनासं होतं. रवणाला एक रंग दिला की हा गुंता सुटतो. लसीची बाटली बहुधा शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची असते आणि कालवल्यावर ती थोड्याच वेळात संपवावी लागते, म्हणून चार घरांनी एकाच दिवशी पिलं गोळा करावीत. तिथेही मग कुणाची कोणती पिलं, हे रंगच सांगतो.

आजारी कोंबडीला औषध चालू असेल तर मी तिच्या उजव्या पायात एक जादा काळं कडं घालते. त्याचा अर्थ, हिची अंडी कुणीही खायची नाहीत, विकायची नाहीत. औषध बंद झाल्यावरही बाटलीवर किंवा डॉक्टरांनी सांगितलेले दिवस भरेपर्यंत ते काढायचं नाही.

फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला सापडला. लाखो पक्षी मारावे लागले. मार्चमध्ये तो जळगाव जिल्ह्यातल्या गावांमधल्या परसातल्या कोंबड्यांपर्यंत आला. २०२१ मध्ये नवापूरला पुन्हा तीच वेळ आली. कडं असा रोग थांबवत नाही. पण डॉक्टर विचारतात, ही कोंबडी कुठून आणली, किती दिवस झाले, तिच्याबरोबर आणखी कोणत्या आणल्या, तेव्हा "आठवत नाही" म्हणायची वेळ येत नाही. बाजारातून आणलेल्या पक्ष्याला मी त्याच दिवशी पांढरं कडं घालते आणि तीन आठवडे वेगळं ठेवते. पांढरं निघाल्याशिवाय तो बाकीच्यांत जात नाही. पाच-दहा पक्षी पटापट मेले तर मात्र कडी बघत बसू नका, मेलेल्याला उघड्या हाताने शिवू नका, आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

नवापूरकडच्या हजारो पक्ष्यांच्या शेडमध्ये अशी कडी दिसणार नाहीत. तिथे नोंद शेडची आणि तुकडीची असते, आणि ब्रॉयलर तर सहा आठवड्यांत विकला जातो. ते बरोबरच आहे. गाई-म्हशींच्या कानात बारा आकडी पिवळा बिल्ला आला, तसा कोंबड्यांना सरकारी नंबर नाही. अंगणातल्या पक्ष्याची ओळख ठेवायची ती आपणच.

कडी घालायला रात्र उत्तम. दिवसा चाळीस कोंबड्यांमागे धावणं म्हणजे त्यांचा आणि आपला दोघांचा छळ, आणि घाबरलेली कोंबडी दोन दिवस अंडं देत नाही. अंधार पडून तासभर झाला, सगळ्या दांडीवर बसल्या की छोटी बॅटरी घेऊन जायचं. एकाने कोंबडी छातीखालून हात घालून उचलायची, पंख अंगाशी दाबायचे, डोकं आपल्या काखेकडे ठेवायचं. ती शांत राहते. दुसऱ्याने पाय नळीच्या वर धरून कडं फिरवायचं. तिसरा असेल तर त्याने वही धरावी. काम झालं की तिला परत त्याच जागी ठेवायची, दांडीवर प्रत्येकीची जागा ठरलेली असते. हात साबणाने धुवायचे. आमच्याकडे वही धाकट्याच्या हातात असते. तो नंबर मोठ्याने वाचतो आणि त्या पानावर काय लिहिलंय तेही वाचतो, कुणी विचारलं नसलं तरी.

कोंबडी विकली तर कडं काढून घेते, साबणाच्या पाण्यात घासते, जंतुनाशकात भिजवून उन्हात वाळवते. रंगीत वेटोळं पुढच्या पिलाच्या पायात जातं. नंबराचं जात नाही. विकलेल्या किंवा मेलेल्या कोंबडीचा नंबर दुसरीला दिला की वहीत दोघींचं आयुष्य एकात मिसळतं, आणि मग कुठलं रवण कुणाचं ते पुढे कुणालाच सांगता येत नाही. सात नंबर मागच्या पावसाळ्यात गेली. तिच्या पानावर तारीख लिहिली आहे आणि कडं त्याच पानाला दोऱ्याने बांधून ठेवलं आहे. सध्या आमच्या पिवळ्या घरातल्या पाच तलंगा तिच्या आहेत, त्यांतली एक, एकतीस नंबर, परवापासून खुडूक आहे.